ठासणीची बंदूक आणि शेताची राखण

मार्गशीर्ष लागला कीं दादर ज्वारी पोटरीस येते, उशिरा पेरलेल्या मक्याचीं कणसें भरूं लागतात, हरभऱ्यास घाटे धरतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्या शेतकऱ्याची रात्रीची झोप संपते. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांत रानडुकरांचा कळप एकदां मक्यांत शिरला म्हणजे खातो थोडें आणि तुडवितो फार. भुईमुगाच्या शेतांत तर तो नांगर धरल्यासारखा ओळीच्या ओळी उकरून जातो. रोही कुंपणावरून सहज उडी घेतात व हरभऱ्याचे शेंडे खुडून पहांटेपूर्वीं नाहींसे होतात. हंगामाची मेहनत एका रात्रींत जाते, आणि मग घरांतील वडील माणसाची नजर माडीवर आढ्याशीं टांगलेल्या आजोबांच्या बंदुकीकडे वळते.

या बंदुकीविषयीं आमच्याकडे पुष्कळ वेळां विचारणा होते. ती अजून चालेल काय, तिचा परवाना कोण देतो, तिनें डुक्कर मरतें काय, असे साधारणतः तीन प्रश्न असतात. विचारणाऱ्याची निकड आम्ही जाणतों. तथापि या बंदुकीसंबंधीं लोकांत जितकें प्रेम आहे तितकें ज्ञान नाहीं, आणि ज्या वस्तूंत दारू भरली जाते तिच्या बाबतींत ही तफावत महागांत पडते. आमचें मत प्रारंभींच सांगतों. ठासणीच्या बंदुकीनें शेताची जी राखण आजवर झाली ती मुख्यत्वें तिच्या आवाजानें झाली. गोळीनें राखण करूं पाहणारानें तिचें यंत्र, तिचा पल्ला व तिचा कायदा हीं तिन्ही समजून घेतल्यावांचून तिला हात लावूं नये.

ठासणीची बंदूक म्हणजे जिच्यांत दारू व गोळी काडतुसाच्या रूपानें मागून न घालतां नळीच्या तोंडांतून भरून गजानें ठासावी लागते ती. विदर्भाकडे हिलाच भरमार म्हणतात. एका टोंकास बंद असलेली लोखंडी नळी, ती जींत बसविली आहे ती लांकडी बैठक व तिचा खांद्यास टेकावयाचा दस्ता, नळीखालीं खोंवलेला गज, आणि नळीच्या मागल्या अंगास एक बारीक छिद्र, ज्यास कान म्हणतात, एवढाच हिचा संसार. बाहेरचा विस्तव या कानांतून आंतल्या दारूस भिडतो आणि बार होतो. हा विस्तव कानापर्यंत कसा पोंचवावा, याच एका प्रश्नावर कारागिरांनीं कित्येक पिढ्या डोकें चालविलें, व बंदुकीच्या ज्या तीन जाती झाल्या त्या त्यावरूनच. आपल्या बोलण्यांत तर ही बंदूक इतकी मुरली आहे कीं, आपण एखादी गोष्ट ठासून सांगतों व एखाद्याच्या बढाईस फुसका बार म्हणतों, आणि हें बोलणाऱ्यानें बहुधा गज कधीं हातीं धरलेला नसतो.

पहिली जात तोड्याची. सुताची दोरी सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळविली म्हणजे ती ज्वाळा न होतां उदबत्तीसारखी धुमसत राहते; हा तोडा. चाप ओढला कीं तोड्याचें जळतें टोंक कानाजवळच्या लहानशा पेल्यांतील बारीक दारूवर, म्हणजे रंजकीवर, टेकतें. रंजक भडकते व तिची ज्योत कानांतून आंत शिरते. मराठी फौजांतून व दक्षिणेंतील अरब शिबंदींतून हीच बंदूक वापरांत होती. १८१८ च्या फेब्रुवारींत तापीकांठच्या थाळनेर किल्ल्यांत, आणि त्याच वर्षीं मे-जूनमध्यें तेव्हां खानदेशांत मोडणाऱ्या मालेगांवांत, ज्या अरबांनीं इंग्रजांशीं झुंज दिली त्यांच्या हातीं तोड्याच्या बंदुका व कमरेस जांबिये होते. भिंतीआड बसून लढणाराच्या कामास ती उत्तम. शेतावर मात्र तिचे दोष लगेच दिसतात. पावसांत तोडा विझतो, रात्रीं त्याचा लाल ठिपका दुरून दिसतो, आणि त्याचा वास तर बंदूकवाला पोंचण्यापूर्वींच डुकराच्या नाकाशीं पोंचलेला असतो.

दुसरी जात चकमकीची. घोड्याच्या तोंडांत गारेचा तुकडा आवळून बसविलेला असतो. तो पोलादी पत्र्यावर आदळून ठिणगी पाडतो व ती रंजकीवर पडते. जळता विस्तव जवळ बाळगण्याची कटकट यानें मिटली. परंतु रंजक उघड्यावरच राहिली, आणि दमट हवेंत ती पेट घेईल कीं नाहीं हें नशिबावर राहिलें.

तिसऱ्या जातीचा शोध शिकाऱ्याच्या एका साध्या अडचणींतून लागला. स्कॉटलंडांतील अलेक्झांडर फोर्साइथ हा धर्मोपदेशक पाणपक्ष्यांच्या शिकारीचा शोकी होता. चकमकीच्या बंदुकीची रंजक आधीं भडकते व बार क्षणभरानें होतो. तेवढ्या अवधींत पक्षी चमक पाहून निसटतात, हें पाहून त्यानें आघातानें पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग केला व १८०७ सालीं त्याचा हक्क नोंदविला. पुढें त्याच तत्त्वावर तांब्याची लहानशी टोपी निघाली. ती कानावर बसविलेल्या पोकळ बोंडीवर घालावयाची. घोडा तिच्यावर पडला कीं बार. खानदेशांत आज घरांतून जी जुनी बंदूक सांपडते ती बहुधा या टोपीचीच असते.

येथें एक ऐतिहासिक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १८५७ सालच्या काडतुसाच्या प्रकरणाविषयीं शाळेंत सर्वांनींच वाचलें आहे, पण तें काडतूस दांतांनीं तोडावें कां लागे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. एनफील्डची १८५३ च्या नमुन्याची ती बंदूकही ठासणीचीच होती. काडतूस म्हणजे कागदाची पुडी. तींत मोजलेली दारू व गोळी. पुडी दांतांनीं फोडून दारू नळींत ओतावयाची व मग गोळी गजानें खालीं बसवावयाची. या बंदुकीच्या नळीस आंतून पेंच पाडलेले असल्यामुळें गोळी घट्ट बसे, म्हणून कागदास वंगण लावलेलें असे. तें वंगण गाईच्या व डुकराच्या चरबीचें आहे ही वार्ता पसरली, आणि पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. आमच्या सातपुड्यांतही त्याच सुमारास खाज्या नाईक, भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखालीं भिल्ल उठले, व ११ एप्रिल १८५८ रोजीं आंबापाणीची लढाई झाली. या साऱ्या अनुभवानंतर सरकारनें १८६० सालीं व पुन्हां १८७८ सालीं हत्यारांचे कायदे केले. खेड्यांतील बंदुकीस कागदाची सोबत जडली ती तेव्हांपासून.

आतां दारूकडे वळूं. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, गंधक व कोळसा यांचें मिश्रण. त्यांत सोरा सर्वांत अधिक, सुमारें तीन चतुर्थांश. कोळसा जळतो, गंधक त्यास लवकर पेटवितो, आणि जळण्यास लागणारा प्राणवायु सोरा पुरवितो. म्हणूनच बंद नळींत, जेथें बाहेरचा वारा मुळींच नाहीं, तेथेंही ती जळते. हा सोरा शेतकऱ्यास परका नाहीं. जुन्या गांवठाणांतील पांढरीच्या मातींत, जेथें पिढ्यान्‌पिढ्या गुरें बांधलीं गेलीं, तेथें भिंतींच्या पायथ्याशीं जो पांढरा फुलोरा येतो त्यांत तो असतो, आणि ती माती शेतांत टाकल्यानें पीक कां तरारतें याचें एक कारणही तेंच. आज जळगांव जिल्ह्यांतील केळीचा बागाइतदार ठिबकच्या नळीवाटे जें १३:००:४५ नांवाचें विद्राव्य खत देतो, तें दुसरेंतिसरें कांहीं नसून शुद्ध सोराच होय. १३ भाग नत्र व ४५ भाग पालाश असा त्या आंकड्यांचा अर्थ. तेव्हां ज्या वस्तूनें थाळनेरच्या तटावरून गोळ्या सुटल्या, तीच आज केळीचे घड पोसते. घरीं दारू करून पाहण्याची कोणास हौस वाटेल म्हणून सांगतों कीं, परवान्यावांचून दारू करणें हा १८८४ च्या स्फोटक पदार्थांच्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. खलबत्त्यांत ती कुटतांना हात व डोळे गमावल्याच्या गोष्टी जुन्या माणसांस विचाराव्या. परवानेदारानें ती अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावी.

काळ्या दारूचा दुसरा गुण, किंवा अवगुण म्हणा, असा कीं, जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग वायुरूप न होतां घन कणांच्या रूपानें मागें राहतो. त्यांतील कांहीं धुराच्या रूपानें बाहेर पडतो व उरलेला काजळीसारखा नळीस चिकटतो. ही काजळी हवेंतील ओलावा शोषून घेते आणि एका रात्रींत लोखंड खावयास लागते. म्हणून बार काढलेली बंदूक त्याच दिवशीं गरम पाण्यानें आंतून धुवावी, कोरड्या कापडानें पुसावी, आणि मग तेलाचा हात द्यावा. नुसत्या तेलानें ही घाण जात नाहीं. तिला पाणीच लागतें. आम्हीं पाहिलेल्या जुन्या नळ्यांपैकीं ज्या सडलेल्या होत्या त्या वापरानें झिजलेल्या नव्हत्या. बार काढून तशाच खुंटीस टांगल्यामुळें त्या गेल्या होत्या.

गोळी कोठें जाते, हा पुढचा प्रश्न. घरगुती बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असते व गोळी नळीपेक्षां किंचित् लहान. ती तशी नसेल तर काजळी धरलेल्या नळींत ती उतरणारच नाहीं. परंतु या फटीमुळें गोळी सुटतांना नळीच्या भिंतींवर इकडून तिकडे आपटत येते, आणि शेवटचा धक्का जिकडून बसेल त्याप्रमाणें फिरकी घेऊन बाहेर पडते. मग ती उजवीकडे जाईल कीं डावीकडे, हें बंदूक धरणाराच्या हातीं उरत नाहीं. पेंच पाडलेल्या नळींत गोळीस भोंवऱ्याप्रमाणें एकाच आंसाभोंवतीं गति मिळते, म्हणून ती सरळ जाते. गुळगुळीत नळींतून सुटलेल्या गोळीचा पन्नास पावलांपलीकडे भरंवसा धरूं नये, आणि रात्रीं विजेरीच्या उजेडांत तर त्याच्या निम्म्यावरही धरूं नये. गोळीभोंवतीं तेलकट कापडाची चकती गुंडाळल्यानें फट भरते व नेम कांहींसा सुधारतो. जाणते लोक असेंच करीत. छर्रे भरले तर ते पसरतात खरे, पण डुकराच्या जाड कातड्यास व खालच्या चरबीस ते दुरून कांहींच करीत नाहींत.

नेमाची आणखी एक गंमत आहे, जी काडतुसाच्या बंदुकीवर हात बसलेल्या माणसास ठाऊक नसते. येथें चाप ओढणें आणि बार होणें या दोन गोष्टी एका क्षणीं होत नाहींत. घोडा पडतो, ठिणगी किंवा टोपी पेटते, ज्योत कानांतून जाते, दारू धरते, आणि मग गोळी हलते. टोपीच्या बंदुकींत हा अवधि जाणवत नाहीं इतका थोडा, चकमकीच्या बंदुकींत तो चांगला जाणवतो, तोड्याच्या बंदुकींत त्याहूनही अधिक. तेवढ्या वेळांत नवशिका डोळे मिटतो, खांदा मागें घेतो किंवा मान उचलून जनावर पडलें काय म्हणून पाहतो; आणि गोळी जाते आकाशांत. जुना नेमबाज चाप ओढल्यानंतरही माशीवर नजर तशीच ठेवून श्वास रोखून राहतो, जणूं बार अद्याप व्हावयाचाच आहे. हें एक साधलें म्हणजे या बंदुकीचें निम्मे शिक्षण झालें. युरोप-अमेरिकेंत आजही लोक हौसेनें या जुन्या बंदुकांच्या नेमबाजीच्या स्पर्धा भरवितात, आणि १९७१ पासून त्यांची आंतरराष्ट्रीय मंडळीही आहे. कागदाच्या ठिपक्यावर नेम धरावयास ती गोड आहे, यांत संशय नाहीं.

शेतांतील डुक्कर हा कागदाचा ठिपका नव्हे. बार होतांच बंदूकवाल्याच्या तोंडापुढें पांढऱ्या धुराचा पडदा उभा राहतो. वारा पाठीमागून नसेल तर कित्येक क्षण त्यास समोरचें कांहींच दिसत नाहीं. हातांतील बंदूक आतां रिकामी काठी असते. पुन्हां भरावयास दारू मापावी, ओतावी, गोळी बसवावी, गजानें ठासावी, गज काढावा, टोपी घालावी. सरावलेला शिपाई उजेडांत हें मिनिटांत दोन-तीन वेळां करी, पण अंधारांत, थंडीनें काकडलेल्या बोटांनीं, शेतकऱ्यास तें एकदांही धड साधत नाहीं. इतक्यांत तें डुक्कर मेलें असेल तर उत्तम. तें पोटांत किंवा मांडींत लागून जखमी झालें असेल, आणि बहुधा तसेंच होतें, तर तें धुरांतून थेट अंगावर येतें. एकुलगा नर सुळ्यानें माणसाची मांडी फाडतो. जांघेंतील रक्तवाहिनी तुटली तर तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत माणूस पोंचत नाहीं. तें अंगावर न येतां उसांत किंवा केळींत जाऊन दडलें तर दुसऱ्या दिवशीं निंदणीस येणाऱ्या बायांच्या वाट्यास तें संकट येतें. याकरितां आम्ही म्हणतों कीं, गोळीच्या भरंवशावर या बंदुकीची मदार ठेवूं नये.

आवाजाची गोष्ट निराळी. काळ्या दारूचा बार घुमतो. नाल्याच्या कांठावरून काढला तर त्याचा पडसाद टेंकडीवरून परत येतो, आणि कळपास तो कोठून आला हें कळत नाहीं. जुने लोक गोळी न घालतां, नुसत्या दारूवर बोळा ठासून, माळ्यावरून रात्रींत एक-दोन बार काढीत, आणि तेही रोज एकाच वेळीं व एकाच जागेवरून काढीत नसत. जनावर फार हुशार असतें. ठराविक वेळेचा आवाज त्याच्या अंगवळणीं पडतो आणि चौथ्या-पांचव्या रात्रीं तें कान टंवकारून पुन्हां चरावयास लागतें. गोफण, डबा, कुत्रीं, शेकोटी आणि बार यांची अदलाबदल करीत राहणारा जागल्याच पीक वांचवितो. येथें एका गोष्टीची खबरदारी घ्यावी. नुसत्या बाराबरोबर जो बोळा उडतो, तो चिंधीचा, काथ्याचा किंवा कागदाचा असला तर पुष्कळदां धुमसत जमिनीवर पडतो. कडब्याची गंजी, वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग, केळीचीं वाळकीं पानें, पिकलेला गहूं यांच्या दिशेनें तो कदापि उडूं देऊं नये. एका बोळ्यानें गंजी पेटली तर डुकरांनीं केलें नसतें तितकें नुकसान क्षणांत होतें.

आतां आढ्याला टांगलेल्या बंदुकीविषयीं. तिच्यासंबंधींचा पहिला नियम असा कीं, ती भरलेली आहे असेंच समजावें. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षें मरत नाहीं. आजोबांनीं भरून ठेवलेला बार नातवाच्या हातीं उडणें सहज संभवतें, आणि खंडेनवमीस वा दसऱ्यास पूजेसाठीं खालीं उतरविलेली बंदूक मुलांच्या हातीं जाते ती याच वेळीं. भरलेली आहे कीं नाहीं हें पाहण्याची जुनी युक्ति अशी: प्रथम कानावर टोपी नाहीं याची खात्री करावी, बंदुकीचें तोंड स्वतःकडे व कोणाकडेही न वळवितां गज हळूच नळींत शेवटपर्यंत सोडावा, नळीच्या तोंडाशीं त्यावर बोटाची खूण धरावी, मग तोच गज बाहेर काढून नळीच्या बाजूनें तितकाच धरून पाहावा. त्याचें टोंक कानापर्यंत पोंचलें तर नळी रिकामी. चार बोटें अलीकडे राहिलें तर आंत कांहीं तरी आहे. तें काय आहे हें खरवडून पाहूं नये. जाणत्या परवानेदार कारागिराकडूनच तें काढून घ्यावें, आणि तोंवर बंदूक मुलांच्या व विस्तवाच्या आटोक्याबाहेर ठेवावी.

आंत दारूच असेल असेंही नाहीं. ओलसर घरांत टांगलेल्या नळीच्या तोंडांत कुंभारीण माशी मातीचें घर करते. हें घर दगडासारखें कठीण होतें. तशा नळींतून बार काढला तर वायूस वाट मिळत नाहीं व नळी धरणाऱ्याच्या डाव्या हाताजवळच फाटते. गोळी दारूवर घट्ट न बसतां मध्यें पोकळी राहिली तरी हाच परिणाम होतो. म्हणून गजावर भरल्या बाराची खूण कोरून ठेवण्याची रीति होती, आणि ती फार शहाणपणाची होती. अंधारांत एकावर एक दोन बार भरले गेले तर तेंही त्या खुणेवरून लगेच समजतें. सर्वांत घातक चूक मात्र आजच्या काळची आहे. ती म्हणजे काडतुसांतील धूररहित दारू काढून या नळींत घालणें. ती दारू निराळ्या जातीची आहे. तेवढ्याच मापांत ती काळ्या दारूच्या कित्येक पट दाब उत्पन्न करते. जुन्या नळ्या पुष्कळदां लोखंडाची पट्टी गुंडाळून, ठोकून जोडलेल्या असतात. त्यांस हा दाब सोसत नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत वरणगांव येथें १९६४ पासून काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. तेथील दारूचें गणित व आढ्यावरल्या नळीचें गणित हीं एक नव्हेत.

चाप ओढूनही बार झाला नाहीं, तर बंदूक खालीं आणून नळींत डोकावणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. ते जिवंत आहेत ही दैवाची कृपा. कधीं कधीं ज्योत कानांत दबून राहते व कांहीं क्षणांनीं दारू धरते. बंदूक तशीच निर्जन दिशेस धरून मनांत सावकाश शंभर आंकडे मोजावेत, मगच पुढें काय तें करावें. दारूचें शिंग कधींही सरळ नळीवर उपडें करूं नये. आंत एखादी ठिणगी राहिली असेल तर ज्योत शिंगांत शिरते. माप वेगळें ठेवावें, त्यांत ओतून मग नळींत घालावी. आणि बिडी विझवून मग शिंगास हात लावावा, हें सांगण्याची वेळ येऊं नये, पण येते.

कायद्याविषयीं लोकांत जे समज आहेत ते तर नळीपेक्षांही धोक्याचे. शस्त्र अधिनियम १९५९ याच्या १३ व्या कलमांत ठासणीच्या बंदुकीचें नांव पीकसंरक्षणाच्या संदर्भांत स्पष्ट घेतलेलें आहे. खरोखरच पीक राखण्यासाठीं शेतकऱ्यास तिचा परवाना मागतां येतो, आणि ती त्या कामास पुरेशी नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मिळूं शकते. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करावयाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षांची झाली आहे. हा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, जनावर मारण्याचा नव्हे. या एका वाक्याकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें, कारण आमच्या अनुभवास दहांतील आठ माणसें येथेंच चुकतात. रानडुक्कर काय किंवा रोही काय, उभ्या पिकास उपद्रव देत असले तरी त्यांस मारण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ याच्या ११ व्या कलमाखालीं मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्यानें अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी वेगळी लागते. ती नसतांना परवान्याच्या बंदुकीनें मारलेलें डुक्करही गुन्हाच ठरतें, मग तें आपल्याच शेतांत कां पडलेलें असेना.

यावल अभयारण्य, शिरपूर तालुक्यांतील अनेर धरण अभयारण्य व चाळीसगांवाकडील गौताळा यांच्या आसपासच्या शेतकऱ्यांस आणखी एक बंधन आहे. त्याच कायद्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणें अभयारण्याच्या हद्दींत किंवा हद्दीपासून १० किलोमीटरच्या आंत राहणाऱ्या परवानेदारानें आपल्या नांवाची नोंद वन्यजीव खात्याकडे करावयाची असते, आणि त्या टापूंत नवा परवाना त्या खात्याच्या संमतीवांचून मिळत नाहीं. ही नोंद बहुतेकांनीं केलेली नसते. लग्नाच्या वरातींत किंवा पोळ्याच्या मिरवणुकींत हौसेनें बार काढणाऱ्यांस, त्यानें दुसऱ्याच्या जिवास धोका पोंचत असेल तर, २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. निवडणुकीच्या काळांत परवानेदारांस बंदुका पोलिस ठाण्यांत जमा करण्यास सांगतात. २०२४ सालीं विधानसभेची निवडणूक ऐन नोव्हेंबरांत आली, तेव्हां मका शेतांत उभा होता. रात्रीं राखण करणारास ही अडचण खरी आहे, पण तेवढ्यासाठीं आदेश चुकविणें शहाणपणाचें नाहीं. त्या दिवसांत गोफण आणि कुत्रीं आहेतच.

बंदूक नको म्हणून जे उपाय सध्यां गांवोगांव चालले आहेत, त्यांपैकीं कांहीं तर बंदुकीहून भयंकर आहेत. कुंपणाच्या तारेंत घरगुती विजेचा प्रवाह सोडणें हा त्यांतला सर्वांत वाईट. त्यानें डुकराआधीं पहांटे पाणी द्यावयास गेलेला शेजारी मरतो, आणि लावणारा तुरुंगांत जातो. कणकेच्या गोळ्यांत स्फोटक घालून ठेवणें, त्यानें गुरांचे जबडे उडतात. प्लॅस्टिकच्या नळींत कार्बाइड व पाणी घालून मोठा आवाज काढण्याची नवी तऱ्हा निघाली आहे. ती एका अर्थानें ठासणीच्या बंदुकीचीच अडाणी बहीण होय. बार होईना म्हणून नळींत वाकून पाहणाऱ्या अनेक मुलांच्या डोळ्यांस २०२५ च्या दिवाळींत भोपाळ व त्याच्या आसपास इजा झाली. सातपुड्यापलीकडची ही बातमी अलीकडच्या आईबापांनींही ऐकून ठेवावी. पिकाचें नुकसान झालेंच तर वनखात्याकडे ताबडतोब अर्ज करून पंचनामा मागावा. भरपाई थोडी मिळेल, उशिरा मिळेल, पण तिच्यासाठीं कोणाचा पाय मोडत नाहीं.

ज्यांच्या घरीं बंदूक आहे पण परवानेदार वारले आहेत, त्यांनीं ती तशीच ठेवूं नये. वारस म्हणून आपल्या नांवें परवाना मागण्याची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. परवानेदार हयात असतांही, तो ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक बाळगून त्यास २५ वर्षें झालीं तर वारसास अर्ज करतां येतो. जुनी, गंजलेली, घोडा मोडलेली आहे म्हणून तिला परवाना नको, असें पुष्कळ सांगतात. कायदा असें म्हणत नाहीं. दुरुस्तीनेंसुद्धां जी चालूं शकणार नाहीं अशीच जुनी बंदूक त्यांतून वगळलेली आहे, आणि ती तशी आहे हें ठरविणें आपल्या हातीं नाहीं. ज्यांस परवाना नको असेल त्यांनीं ती पोलिस ठाण्यांत किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावी. नेण्यापूर्वीं गजानें ती रिकामी असल्याची खात्री करावी, टोप्या व दारू वेगळ्या द्याव्या, बंदुकीवर कारागिराचें नांव, आंकडा किंवा खूण असेल तर ती उतरून घ्यावी, आणि मिळालेली पावती सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत ठेवावी.